आभाळाचा वरचा मजला
(प्रस्तावना)

केजमध्ये बर्फ रसवंतीवर मिळतो. गोणपाटात गुंडाळलेली लादी, ती फोडायला एक टोचा, आणि उन्हं चढली की गोणपाटाखालून रस्त्याकडे निघालेला पाण्याचा ओघळ. लग्नसराईत तो मांडवातल्या पाण्याच्या पिंपात तरंगताना दिसतो. एवढीच आमची आणि बर्फाची ओळख. उंच शिखरांवरचं हवामान आणि तिथला बर्फ या विषयावर मी इथं बसून पुस्तक लिहितोय हे कळल्यावर शेजारच्या आबांनी सरळच विचारलं, "गुरुजी, आपल्याकडं प्यायला पाणी नाही, आन् तुम्ही बर्फाचं काय लिवताव?" त्या दिवशी आबांना चहा पाजून मी वेळ मारून नेली. ही प्रस्तावना म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर.

उत्तराची सुरुवात २०१४ सालापासून करावी लागेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला गारपीट सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत ती मराठवाड्याला पुन्हा पुन्हा झोडपत राहिली. ज्वारी काढणीला आलेली, गहू उभा, हरभऱ्याचे ढीग शेतात. एका दुपारी आमच्या अंगणात लिंबाएवढ्या गारा पडल्या. पत्र्यावरचा आवाज असा, की घरातली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत होती. थांबल्यावर मी बाहेर जाऊन एक गार स्टीलच्या वाटीत उचलून आणली. भूगोल शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हिमरेषा शिकवायची म्हटली की मी फळ्यावर हिमालय काढायचो, त्याच्या डोक्यावर खडूनं पांढरं रंगवायचो आणि तो भाग आपल्याकडून फार लांब आहे असं पोरांना सांगायचो. त्या दिवशी वाटीतल्या गारेकडे बघताना लक्षात आलं, की ही वस्तू तयार झाली ती सहा ते नऊ किलोमीटर उंचीवर. म्हणजे अन्नपूर्णा, कांचनगंगा, एव्हरेस्ट यांचे माथे ज्या पट्ट्यात आहेत, त्याच पट्ट्यात. तीही उत्तरेत कुठं नाही, इथंच, बालाघाटाच्या पठारावर, आमच्या डोक्यावर.

केजहून अंबाजोगाई जेवढी लांब आहे, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर एव्हरेस्टच्या माथ्याएवढी उंची आहे. फक्त ते अंतर सरळ वर मोजायचं. तिकडे एसटी जात नाही आणि पायवाटही नाही, म्हणून आपल्याला ते परकं वाटतं. हिमालयाचा मोठेपणा एवढाच, की त्या मजल्यावर जायला तिथं दगडाचा जिना आहे. मजला आपल्या घरावरही आहे.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. केज समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर आहे. मे महिन्यातल्या दुपारी बसस्थानकावर पारा ४१ अंशांवर असतो, तेव्हा त्याच बसस्थानकाच्या वर साधारण पाच किलोमीटरवर शून्य अंश असतं. आणखी वर, एव्हरेस्टच्या ८,८४८.८६ मीटरच्या रेषेत, उणे २५च्या आसपास. खुद्द एव्हरेस्टच्या माथ्यावरही मे महिन्यात थंडी साधारण याच घरातली असते. वर जाताना दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात, हा शाळेतला नियम. हवा कोरडी असेल तर घट दहा अंशांपर्यंत जाते. कळसूबाईचं १,६४६ मीटरचं डोकं शून्याच्या रेषेच्या खूप खाली राहतं, म्हणून महाराष्ट्रात कुठल्याही शिखरावर बर्फ साचत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात. तो निरभ्र रात्री जमिनीनं उष्णता सोडून दिल्याचा परिणाम आहे, आभाळातून पडलेला बर्फ नव्हे.

हवेच्या दाबाचं गणित स्वयंपाकघरातून समजून घ्यावं हे बरं. केजमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बेस कॅम्पवर, ५,३६४ मीटरवर, ते ८३ अंशांच्या जवळपासच उकळायला लागतं. बुडबुडे येतात, वाफ निघते, पण तूरडाळ काही शिजत नाही. तिथं कुकर लागतोच. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकी वैद्यकीय संशोधन मोहिमेतल्या डॉक्टर ख्रिस पिझ्झोंनी थेट माथ्यावर दाब मोजला. तो भरला पाऱ्याचे २५३ मिलिमीटर. समुद्रकिनाऱ्यावर असतो ७६०. माथ्यावर उभ्या माणसाला श्वासागणिक किनाऱ्यावरच्या प्राणवायूचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. आणि हा दाब ठरलेला नसतो. हिवाळ्यात हवा गार होऊन बसते, दाब आणखी उतरतो. वादळ आलं तरी उतरतो. शिखराची उंची मीटरमध्ये तीच राहते, फुप्फुसांना मात्र ते त्या दिवशी जास्त उंच लागतं. गिर्यारोहणावरच्या मराठी लिखाणात थंडी आणि वारा भरपूर येतात, हा बदलता दाब क्वचितच येतो. म्हणून त्यावर मी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. काहींना ते रुक्ष वाटेल. त्यांनी ते शेवटी वाचावं.

आता वारा. शिखरांवरच्या हवामानात धनी तोच.

आपल्या डोक्यावर बारा किलोमीटरच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान वाऱ्याची नदी वाहते. हवामानशास्त्रात तिला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ती हिमालयाला घासून जाते आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे सुटतात. त्या दिवसांतले शिखराचे फोटो बघा. माथ्यापासून पूर्वेकडे एक लांब पांढरा पिसारा निघालेला दिसेल. दुरून तो फार देखणा दिसतो. त्या पिसाऱ्यात माणूस उभा राहू शकत नाही. पिसारा आडवा आणि लांब असेल तर वर वारा मोकाट आहे, आखूड होऊन वर उचलायला लागला तर वारा ढिला पडतोय, असं शेर्पा आणि जुने गिर्यारोहक त्याच्याकडे बघून ओळखतात. आमच्याकडे खळ्यावर उपणताना मूठभर धान्य उडवून वाऱ्याची दिशा आणि जोर बघायचे, तसंच हे.

मे महिना पुढे सरकतो तशी तिबेटचं पठार आणि उत्तर भारत तापतात आणि ही नदी आपली जागा सोडून उत्तरेला सरकू लागते. तिनं शिखर सोडलं आणि पावसाळा अजून पोचलेला नाही, अशा मधल्या काही दिवसांत माथ्यावरचा वारा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या खाली येतो. तीच फट. तारखा एकाखाली एक लिहून बघा. तेनसिंग आणि हिलरी : २९ मे १९५३. भारताच्या पहिल्या यशस्वी मोहिमेतली पहिली जोडी, अवतारसिंग चीमा आणि नवांग गोम्बू : २० मे १९६५. बचेंद्री पाल : २३ मे १९८४. हृषीकेश यादवांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून तिबेटच्या बाजूनं चढलेले पुण्याचे सुरेंद्र चव्हाण, एव्हरेस्टवरचे पहिले महाराष्ट्रीय : १८ मे १९९८. उमेश झिरपेंच्या नेतृत्वाखाली 'गिरिप्रेमी' या गिर्यारोहण संस्थेच्या दहा जणांनी कांचनगंगा गाठली : १५ मे २०१९. वेगवेगळी वर्षं, वेगवेगळी माणसं, एक शिखर तर अगदीच वेगळं, आणि सगळ्या तारखा दोन आठवड्यांत मावतात. आपण माणसांची नावं पाठ करतो. तारीख वाऱ्यानं दिलेली असते.

आबा, तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढं आहे. ज्या प्रवाहाच्या उत्तरेला सरकण्याची गिर्यारोहक बेस कॅम्पवर तंबूत बसून वाट बघतो, त्याचं ते सरकणं आणि आपला मोसमी पाऊस ही एकाच मोठ्या उलथापालथीची दोन टोकं आहेत. प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला रेंगाळला की पावसाचंही पाऊल अडखळतं. मे संपता संपता केजच्या दुकानांत सरकी आणि सोयाबीनच्या पिशव्यांची चौकशी सुरू होते, मृग कोरडा जातो की काय म्हणून लोक संध्याकाळी पश्चिमेकडं बघत उभे राहतात. त्याच दिवसांत तिकडे पाच हजार मीटरवर बसलेला माणूसही मान वर करून बघत असतो. याला पाऊस लवकर यायला हवा, त्याला उशिरा. पण दोघं एकाच वाऱ्याची वाट बघतात. पाऊस एकदा आला की एव्हरेस्टच्या बाजूला बर्फच बर्फ. तिथल्या हिमनद्यांना वर्षभराचा बहुतेक पुरवठा होतो तो जून ते सप्टेंबरात. आपल्याकडे जो आषाढ, तो तिथंही आषाढच. फक्त पडतो गोठून.

पश्चिम हिमालयाची तऱ्हा निराळी. हिमाचल, काश्मीर, काराकोरम इथला बर्फ मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि तो आणतात भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ. बातम्यांमध्ये हा शब्द हल्ली सारखा येतो आणि लोक तो शिवीसारखा वापरतात. एक विक्षोभ हिमाचलात बर्फ टाकून पुढे गेला की त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी गार हवा खाली उतरते आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडे हुडहुडी भरते. हुरड्याच्या पार्ट्या करणाऱ्यांना ती आवडते. ऊसतोडीला गेलेल्या केज तालुक्यातल्या माणसांना ती पहाटे कोपीतून उठून दवानं चिंब झालेल्या पाचटात हात घालताना भेटते. बोटं बधिर होणं म्हणजे काय हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. हिमदंशाची पहिली पायरी तीच. पुढची पायरी येते ती उणे वीस आणि वारा एकत्र आल्यावर. शरीर मधला गाभा राखण्यासाठी बोटांकडचं रक्त आखडून घेतं, पेशींमधलं पाणी गोठतं, आणि बोट दुखायचं थांबतं. दुखणं थांबलं म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिथंच तो फसतो.

२०१४ची गारपीटही अशाच विक्षोभांची. एरवी उत्तरेतून निघून जाणारी थंड हवा त्या वेळी वरच्या थरात फार दक्षिणेपर्यंत झुकली. खालून दोन्ही समुद्रांवरची दमट हवा आत आली. खाली ऊन आणि ओल, वर हिमालयाची थंडी. ढग बारा-तेरा किलोमीटर उभे राहिले. म्हणजे त्या पंधरवड्यात शिखरावरचं हवामान आपल्याकडे चालत आलं होतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

मी गिर्यारोहक नाही, हे इथंच सांगून टाकतो. बर्फाला मी पहिल्यांदा हात लावला तो बहुतेक मराठी माणसं लावतात तिथंच, रोहतांग खिंडीत, ३,९७८ मीटरवर, भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट घालून. सिनेमात बघून मनात धरलेला मऊ कापूस तिथं नव्हता. पायाखाली रव्यासारखं काहीतरी करकरत होतं, दोन पावलांवर ते काचेसारखं घट्ट होतं, आणि खडकाच्या आडोशाला मांडीपर्यंत पाय गेला. मी आमच्या ड्रायव्हरला विचारलं, बर्फ इतका वेगवेगळा कसा? तो हसला आणि म्हणाला, "सर, ये तो तीन दिन का है, वो तीन महीने का, और वो हवा का लाया हुआ." त्याच्याकडे तीन गोष्टींची तीन वर्णनं तयार होती. माझ्याकडे एकच शब्द होता.

आपल्या भाषेचा यात दोष नाही. पावसासाठी आपल्याकडे भुरभुर आहे, रिपरिप आहे, सर आहे, झड आहे, वळीव आहे, अवकाळी आहे. ज्याच्याशी गाठ पडते त्याला माणूस नावं ठेवतो, दोन्ही अर्थांनी. हिवाळा या शब्दात हिम आहे, गारठ्यात गार आहे, पण जमिनीवर साचून राहिलेल्या, दिवसागणिक रूप पालटणाऱ्या बर्फाशी आपली गाठच पडली नाही. म्हणून या पुस्तकात मला शब्द जुळवावे लागले आणि ते शक्यतो घरातले घेतले. ताज्या पडलेल्या बर्फाला मी 'भुसा' म्हटलंय. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. वाऱ्यानं उचलून दुसऱ्या उतारावर दाबून बसवलेल्याला 'थापी'. वर्ष काढून दाणेदार झालेल्याला 'जुना बर्फ'. आणि थराच्या तळाशी, जमिनीच्या उबेनं आणि वरच्या थंडीनं मिळून जे सुटे, टोकदार, न चिकटणारे दाणे तयार होतात, त्यांना 'साखर'. साखर हा शब्द माझा नव्हे, बर्फाचे जाणकार जगभर तोच वापरतात. मला तो आवडला, कारण साखर कशी घसरते हे उसाच्या मुलखात सांगावं लागत नाही. साखरेच्या ढिगावर एक जड फळी ठेवा आणि ढीग तिरका करा. फळी म्हणजे वाऱ्यानं थापलेला थर. तिच्यावर मांजर चढलं तरी पुरतं.

हिमकडा कोसळतो तो बहुतेकदा असाच. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, तळाशी साखर, वर थापी, आणि तिच्यावर चालत आलेला माणूस. त्याहून फार तीव्र उतारावर बर्फ साचतच नाही, आणि फार सपाट असेल तर तो घसरत नाही. चालायला बरा वाटणारा उतारच घातकी असतो. ज्यात माणसं सापडतात ते हिमकडे पुष्कळदा त्यांच्याच वजनानं सुटलेले असतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखराजवळ हिमकड्याखाली आली. २९ जण गेले. शिकायला गेलेली पोरं आणि शिकवणारे कसलेले प्रशिक्षक, दोन्ही. त्या संस्थेत महाराष्ट्रातली मुलं वर्षानुवर्षं जातात, आमच्या भागातूनही आता जायला लागली आहेत, आणि हे पुस्तक लिहायला मी बसलो तो त्या बातमीनंतर. त्याआधी ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचीनवर सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते. सियाचीनवरच्या सैनिकाला शिखर सर करायचं नसतं. त्याला तिथं राहायचं असतं, फट असो वा नसो. गिर्यारोहकाला हवामान आवडलं नाही तर तो परत फिरू शकतो. हा फरक मी पुस्तकभर लक्षात ठेवायचा प्रयत्न केलाय.

परत फिरण्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, आणि यात माझं मत मिसळलेलं आहे. मराठवाड्यातल्याच मनीषा वाघमारे २०१७मध्ये एव्हरेस्टचा माथा पावणेदोनशे मीटरच्या आत आला असताना वाईट हवेमुळे मागे फिरल्या. पावणेदोनशे मीटर म्हणजे केजच्या मुख्य रस्त्यावर एका दुकानातून चार दुकानं पलीकडे जाण्याइतकं. तिथं तेवढ्याला कित्येक तास लागतात, आणि मग उतरायचं असतं. पुढच्या वर्षी, २१ मे २०१८ रोजी, त्या तिबेटच्या बाजूनं माथ्यावर पोचल्या. सत्कार झाले ते अर्थात २०१८चे. आपल्याकडे शाल-नारळ माथ्यावर पोचलेल्याला मिळतो. २०१७मध्ये घेतलेला मागे फिरण्याचा निर्णय मला दोन्हींत मोठा वाटतो, आणि मुलांना मी आधी तोच सांगतो. मोहिमांच्या वृत्तांतात अशा जागी 'हवामान प्रतिकूल झाल्याने' एवढं एक वाक्य येतं आणि पुढचा परिच्छेद सुरू होतो. त्या एका वाक्यात काय काय असतं? वारा किती वाढला, ढग कुठून चढला, किती वाजले होते, बाटलीत प्राणवायू किती उरला होता? मला हे पुस्तक त्या वाक्याच्या आत शिरण्यासाठी लिहायचं होतं.

किती वाजले होते, हा प्रश्न तर आपल्याला तोंडपाठ असायला हवा. वळवाच्या दिवसांत सकाळ कशी लख्ख असते. अकरा-बाराला कापसाचे पुंजके दिसतात, तीनला ते काळे होतात, आणि चारला माणूस कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावतो. डोंगरावर हेच घडतं, फक्त लवकर आणि जोरात, कारण उतार उन्हाकडे तोंड करून तापतात आणि दरीतली ओली हवा वर ढकलतात. म्हणून माथा कितीही जवळ दिसत असला तरी दुपारी एक किंवा दोनला फिरायचं, असा नियम मोहिमा आधीच ठरवून ठेवतात. १० मे १९९६ला एव्हरेस्टवर कित्येकांनी तो पाळला नाही. संध्याकाळी वादळ आलं, आणि आठ जण उतरलेच नाहीत. ढग बघून गंजी झाकणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, यात नवीन काय.

शिखरावरचं सगळं हवामान मात्र शिखराजवळ जन्माला येत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. किनारा सोडल्यावर त्याचं नाव बातम्यांतून गेलं, पण त्यातली ओल गेली नव्हती. १४ तारखेला तीच ओल नेपाळात अन्नपूर्णेच्या भोवतालच्या वाटेवर, ५,४१६ मीटरच्या थोरांग ला खिंडीत, बर्फ होऊन कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्यातले पुष्कळ हौशी पदयात्री होते. ऑक्टोबर म्हणजे निवळलेलं आभाळ, अशा भरवशावर निघालेले. हिमालयात जाणाऱ्याने बंगालच्या उपसागराची बातमी ऐकून निघावं, हे वाक्य पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं तेव्हा वाचणाऱ्याला ते विचित्र वाटलं होतं. ते मी तसंच ठेवलंय.

आणि आता आबांच्या पाण्याकडे येतो. १८७६ ते ७८च्या मोठ्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघाली. पुढचा दुष्काळ आधी कळेल का, हा प्रश्न सरकारनं नव्यानं स्थापन झालेल्या हवामान खात्याला विचारला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी उत्तर शोधलं ते हिमालयाच्या बर्फात. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथं बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत असेल तर भारतावर कोरडे वारे वाहतात आणि पाऊस कमी पडतो, असं त्यांनी १८८४मध्ये मांडलं. बर्फ ऊन परत फेकतो, उरलेलं ऊन बर्फ वितळवण्यात खर्च होतं, जमीन तापायला उशीर होतो, आणि ज्या तापण्याच्या ओढीनं मोसमी वारे आत येतात ती ओढच कमी पडते, असा त्यामागचा विचार. १८८६पासून देशात मोसमी पावसाचे नियमित अंदाज निघायला लागले, त्यांच्या मुळाशी हिमालयातला हा बर्फ होता. पुढे हे नातं ब्लॅनफोर्डना वाटलं तितकं सरळ नाही हे दिसून आलं. नुसता हिमालय पुरत नाही, सगळ्या युरोप-आशियाचा बर्फ बघावा लागतो, प्रशांत महासागर बघावा लागतो. आजचे अंदाज संगणकावरच्या प्रारूपांतून निघतात. पण मराठवाड्यात पाऊस पडेल का, हे बघायला पहिल्या हवामानशास्त्रज्ञानं शिखरांकडे मान वळवली होती, एवढं खरं. खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं ते १९२८मध्ये. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. आपल्या पावसाचा अंदाज ज्या घरातून निघत आला, त्याच्या नावात हिमालयातलं गाव आहे. मला या योगायोगाची गंमत वाटते, आणि तो पूर्ण योगायोग नाही याची जास्त.

गंगा-यमुनेच्या खोऱ्यात हिवाळ्याचं पाणी डोंगरावर ठेव म्हणून राहतं आणि उन्हाळ्यात हप्त्याहप्त्यानं उतरतं. मांजरेच्या पाठीशी हिमालय नाही. पाटोदा तालुक्यात बालाघाटात ती उगम पावते, पडेल त्या पावसावर वाहते, आणि केज तालुक्यात धनेगावला धरणात थांबते. तेवढीच तिची ठेव. २०१६च्या उन्हाळ्यात ते धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या दिवसांत धरणाच्या भेगाळलेल्या तळावर उभं राहून मी पहिल्यांदा हिमनदीकडे पाण्याची टाकी म्हणून बघायला शिकलो. तिथल्या टाक्याही गळायला लागल्या आहेत. एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीत, ७,९०० मीटरच्या वर, जिथं हवेचं तापमान क्वचितच शून्यावर जातं, तिथल्या हिमनदीतला सुमारे दोन हजार वर्षांत साठलेला बर्फ १९९०च्या दशकापासूनच्या काळात नाहीसा झाला, असं २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. थंडी असून बर्फ कसा गेला? वरची पांढरी भुरी वाऱ्यानं उडाली, खालचा काळसर जुना बर्फ उघडा पडला, त्यानं ऊन शोषलं, आणि कोरड्या वाऱ्यानं तो पाणी न होताच वाफ करून नेला. वाळत घातलेलं लुगडं वारा असेल तर थंडीतही सुकतं, त्यातलाच प्रकार. हे कळलं ते तिथं बसवलेल्या हवामान केंद्रांमुळे. २०२२मध्ये आणखी एक केंद्र ८,८१० मीटरवर, माथ्याच्या जरासं खाली बसवलं गेलं.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. ज्यांना मोहिमेला किंवा प्रशिक्षणाला जायचंय त्यांनी वारा आणि हिमकडा ही दोन प्रकरणं आधी वाचावीत आणि दाबाचं सोडू नये. ज्यांना कुठं जायचं नाही, त्यांनी गारेच्या प्रकरणापासून सुरू करावं. ते मी आबांसाठी लिहिलंय. त्यात एक प्रयोग आहे जो मला स्वतःला अजून जमलेला नाही, कारण २०१४च्या त्या दुपारी वाटीतली गार दाखवायला घरात सगळ्यांना गोळा करेपर्यंत तिचं पाणी झालं होतं. पुढच्या वेळी गारा पडल्या तर आधी पाऊस आणि वीज थांबू द्या. मग मोठीशी एक उचलून लगेच फ्रीजच्या वरच्या कप्प्यात टाका. तासाभरानं विळीवर मधोमध कापा. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, एक दुधी, एक काचेसारखा, पुन्हा दुधी. काचेसारखा थर आला तो ढगात पाणी भरपूर होतं आणि ते सावकाश गोठलं तिथला. दुधी आला तो खूप थंडीत, थेंब लागताक्षणी हवेसकट गोठले तिथला. दुधी थर मोजून ठेवा.